मुक्ताराम आणि पडद्यावरचं चित्र

कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला की त्यातून काय काय पडतं, हे मला मुक्तारामने दाखवलं. बिस्किटाचा चुरा, कापलेली नखं, केस, स्टेपलरच्या पिना, आणि अकाउंटंटच्या कीबोर्डमधून तर एकदा चक्क दातात भरलेली चांदी. अकाउंटंटने ती उचलली, रुमालाने पुसली आणि खिशात घातली. त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत गेला.

"ताई, हे काहीच नाही," मुक्ताराम म्हणाला. "यांच्या कॉम्प्युटरच्या आत काय भरलंय ते बघितलंत, तर डबा आणायचंच सोडाल."

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करते. मी तक्रारींचे फोन घेते. कुठली लिफ्ट अडकली, आत कोण आहे, हे ऐकून कॉम्प्युटरवर टाकायचं. ते पलीकडच्या खोलीत फोरमनच्या पडद्यावर उमटतं आणि फोरमन मेकॅनिकला पिटाळतो. आमच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट मात्र निम्मं वर्ष बंद असते. तीही आम्हीच बसवलेली आहे. यावरून बाकीचं काय ते समजून घ्यावं.

मुक्ताराम हे त्याचं खरं नाव नव्हे. तो कंत्राटावरचा कॉम्प्युटरवाला. जेवणाच्या सुट्टीत तो मुक्त सॉफ्टवेअरवर प्रवचन द्यायचा, म्हणून अकाउंटंटने त्याला हे नाव चिकटवलं. ज्याच्या आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं, शेजाऱ्याला देता येतं, असं सॉफ्टवेअर. जगभरची माणसं मिळून ते बनवतात, त्यावर कुणा एकाची मालकी नाही. हे सगळं तो तोंडात घास असताना सांगायचा, आणि समोरच्याने डबा जरा मागे ओढला तरी त्याच्या लक्षात यायचं नाही. कोपराला भोक पडलेला एकच करडा स्वेटर, पेनच्या टोपणाने कान कोरायची सवय, आणि 'तुम्हाला यातलं कळत नाही' हे वाक्य दिवसातून चार वेळा. मला त्याची पहिल्यांदा किळसच आली होती. ती अगदीच गेली असं आजही म्हणवत नाही.

पण त्याच्या बायकोशी माझी चांगली ओळख झाली. ती कपडे शिवते, माझे ब्लाउज तिच्याकडेच असतात. दोघं तिच्या भावाच्या घरात एका खोलीत राहतात. स्वयंपाकघर भावजयीचं. भावजयीचं उरकल्याशिवाय हिला शेगडी मिळत नाही, आणि मिळाली की बाहेरून आवाज येतो, "गॅस बारीक ठेव गं, नुकतीच टाकी बदललीय." भावजय वाईट बाई नाही. तिचं घर आहे, तेवढंच. पण चहा टाकायलासुद्धा विचारावं लागणं म्हणजे काय, ते ज्याला विचारावं लागतं त्यालाच कळतं.

मुक्तारामला साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, शब्द दिला होता की या वर्षअखेरीला त्याला कायम करू. कायम झाला की ते वेगळं घर घेणार होते. दोन खोल्या बघूनही ठेवल्या होत्या. त्याची बायको मला एकदा तिथे घेऊन गेली. बाकी काही तिने बघितलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि वितीने ओटा मोजायला लागली. इथे शेगडी, इथे पिंप, इथे खिडकीत मिठाची बरणी. "आणि ताई, मध्यरात्री भूक लागली तर मध्यरात्री पोहे करीन," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

आता कॉम्प्युटरचं. आमच्या ऑफिसातली सगळी यंत्रं चोरीच्या सिस्टीमवर चालत होती. कुणीतरी कधीतरी कुठूनतरी आणलेली एक कॉपी, तीच सगळीकडे कोंबलेली. पडदा मध्येच काळा पडायचा, नको त्या जाहिराती उघडायच्या, आणि खरेदी विभागातल्या बाईच्या कॉम्प्युटरवर तर कुठल्याशा अर्ध्या उघड्या पोरी येऊन नाचायच्या. बाई त्यावर फाइल धरून बसायची. मग शेजारच्या इमारतीतल्या एका कंपनीवर अशाच चोरीच्या सॉफ्टवेअरसाठी तपासणी आली, आणि आमचे मालक धास्तावले. विकत घ्यायचं म्हटलं तर त्यांच्या जिवावर येत होतं. त्यांनी मुक्तारामला बोलावून सांगितलं, "काहीतरी कायदेशीर बसव. पण पैसे मागू नकोस."

मुक्तारामला आभाळ ठेंगणं झालं. लिनक्स नावाची त्याची लाडकी सिस्टीम होतीच. पण आमची माणसं त्याला ठाऊक होती. नमुना म्हणून अकाउंटंटच्या यंत्रावर ती बसवली, तर त्या गृहस्थाने पडदा बघताच कपाळ धरलं आणि 'मला गरगरतंय' म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तेव्हा मुक्तारामने अक्कल चालवली. सुट्टीत ऑफिस बंद असताना त्याने सगळ्या यंत्रांवर लिनक्स बसवलं, आणि वरून त्याला हुबेहूब जुन्यासारखं सजवलं. तेच निळ्या तळ्याचं चित्र, तीच डावीकडची बटणं, त्याच जागी तीच नावं. फोरमनच्या पडद्यावर नवी तक्रार आली की कोपऱ्यात तांबडा चौकोन लुकलुकायचा, तोही तिथेच. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. फक्त मला सांगितलं, कारण तक्रारींचं काम माझ्यापासून सुरू होतं आणि ते त्याला माझ्याबरोबर तपासून घ्यायचं होतं.

एक खूण मात्र त्याने ठेवली होती. खालच्या घड्याळावर तीनदा टिचकी मारली की मुंगीएवढा एक पेंग्विन यायचा, मान हलवायचा आणि जायचा. पेंग्विन हे त्या लिनक्सचं चिन्ह.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सही, ताई," तो म्हणाला. "एवढी तरी असू दे."

चार-पाच महिने गेले. कुणालाही काहीही कळलं नाही. पडदे काळे पडेनात, पोरी नाचेनात. खरेदीवाल्या बाईने फाइल खाली ठेवली. साहेब सगळ्यांना सांगत सुटले, "मी त्याला कॉम्प्युटरच्या आतले पंखे साफ करायला लावले, म्हणून यंत्रं पळायला लागली." मुक्ताराम आणि मी एकमेकांकडे बघायचो आणि चहात तोंड बुडवायचो. ऑफिसात जावंसं वाटायचं असे माझ्या आयुष्यातले ते एवढेच महिने.

पण माणसाला गप्प बसवत नाही. महिन्याच्या बैठकीत मालक खुशीत म्हणाले, "आपलं सगळं आता कायदेशीर आहे, आणि बघा, एक तक्रार नाही." आदल्या दिवशीच मी मुक्तारामला बजावलं होतं की उद्या तोंड उघडू नकोस, कायम होऊ दे, मग हवं तर छतावर चढून ओरड. तो म्हणाला होता, "लपवू कशाला? चोरी तर मी संपवलीय." आणि बैठकीत तो उभा राहिला. स्वेटर खाली ओढला. म्हणाला, "तुम्ही सगळे इतके महिने लिनक्सवर काम करताय. आणि तुम्हाला कळलंसुद्धा नाही!"

शेवटचं वाक्य त्याने म्हणायला नको होतं. टाळ्या वाजल्या, पण मी माणसांचे चेहरे बघत होते. अकाउंटंटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आपल्याला मूर्ख बनवलं, एवढंच प्रत्येकाने घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस आजारी पडलं. अकाउंटंटचे डोळे चुरचुरायला लागले. खरेदीवाल्या बाईची मान धरली. कुणाला अक्षरं बारीक दिसू लागली, कुणाला माउस जड लागायला लागला. प्रिंटरची शाई संपली होती, तर तेही लिनक्समुळे. साहेब म्हणाले, "मला आधीपासूनच काहीतरी वेगळं जाणवत होतं." हे पंखे साफ करणारे साहेब! मला शिसारी आली. काल संध्याकाळी जे यंत्र होतं तेच आज सकाळी होतं, त्यात एक टिंबसुद्धा बदललं नव्हतं, आणि ही घोड्याएवढी माणसं मान चोळत, डोळे पुसत एकमेकांना दुखणी सांगत होती.

फोरमनने तर कहर केला. तो तांबडा चौकोन महिनोन्महिने त्याच्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता. आता तो त्याला 'टोचायला' लागला. त्याने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटवून टाकला. मी पाणी प्यायला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"अहो, मग तक्रार आलेली कळणार कशी?"

"अधूनमधून उचलून बघतो ना," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या, श्वासाचा त्रास असलेल्या. मी तक्रार लगेच टाकली. फोरमन पट्टी उचलायला विसरला. त्यांचा मुलगा मला पुन्हा पुन्हा फोन करत होता आणि मी 'मेकॅनिक निघालाय' म्हणत होते, कारण निघालाच असणार असं मी धरून चालले होते. शेवटी मी पळत पलीकडे गेले, तर फोरमन खुर्ची मागे रेलून चहा पीत होता. बाई वाचल्या. पण बाहेर काढल्या तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं, आणि त्यांचा मुलगा आमच्या ऑफिसात येऊन असं बोलला की मालकांना खाली बघावं लागलं.

मग चौकशी. मालक येण्याआधी फोरमनने पट्टी काढून टाकली होती, पण पडद्यावर गोंदाचा चिकट चौकोन राहिला होता आणि त्यावर धूळ बसली होती. साहेब म्हणाले, "नव्या सिस्टीममध्ये तक्रार पोचलीच नाही." मी उभी राहिले. पट्टीचं सांगितलं, गोंद दाखवला.

साहेब हसले. "बाई, तुमच्या कॉम्प्युटरवरही तेच आहे ना? मग तुम्हाला तरी बरोबर दिसतंय कशावरून?"

आणि सगळे हसले. खोलीत त्या धुळकट गोंदाकडे बघणारी मी एकटीच होते. मुक्तारामने तक्रार कधी पोचली, कधी उघडली, सगळं पडद्यावर काढून दाखवलं. कुणी वाचलं नाही.

ठरलं असं, की जुनं परत आणायचं. मालकांनी विकत घ्यायचा भाव विचारला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मग साहेबांनी मुक्तारामला माझ्या टेबलाशीच गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "ती पूर्वीची कॉपी असेलच कुठेतरी. सोमवारपर्यंत टाक परत. तुझी कायमची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे, सोमवारीच सही करतो. काय?"

"विकत आणा, आजच बसवतो," मुक्ताराम म्हणाला. "चोरीचं बसवणार नाही."

"मग दुसरा बसवेल," साहेब म्हणाले आणि गेले.

मी त्याला जिन्यात अडवलं. "अरे, वेडा आहेस का? काही बसवू नकोस. नुसतं पडद्यावरचं चित्र बदल. एखादं फूल लाव, डोंगर लाव, आणि सांग जुनं टाकलं म्हणून. यांना काय कळतंय? तूच म्हणालास ना?"

तो हसला नाही. "ताई, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. आता विचारतायत."

"बायकोला काय सांगशील?"

"ती समजून घेईल."

किती सहज म्हणतात पुरुष हे वाक्य! जिन्यातच त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं मला वाटलं. आणि त्याच वेळी, त्या सगळ्या इमारतीत हात लावावासा वाटणारा हा एकच माणूस आहे, असंही वाटलं. वर्षअखेरीला त्याचं कंत्राट संपलं, ते कुणी वाढवलं नाही. त्या दोन खोल्या दुसऱ्या कुणी घेतल्या.

त्याच्या जागी साहेबांचे साडू आले. चकचकीत बॅग, अंगाला अत्तराचा भपकारा, आणि प्रत्येक वाक्याआधी 'हे बघा'. ते रविवारी एकटे ऑफिसात बसले. दुपारी त्यांचा मला फोन आला, "हे बघा बाई, पूर्वी कॉम्प्युटरवर कुठलं चित्र होतं हो? तळ्याच्याही आधी? ते हिरवं कुरण? कुणाकडे आहे का?" मी म्हटलं, माझ्या भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे. पाठवून दिलं.

सोमवारी सगळ्यांच्या पडद्यावर हिरवं कुरण होतं. अकाउंटंटने खुर्चीत बसून असा सुस्कारा सोडला की जणू घरी आला. "याला म्हणतात कॉम्प्युटर!" खरेदीवाल्या बाईची मान दुपारपर्यंत मोकळी झाली. फोरमन मुद्दाम माझ्याकडे येऊन म्हणाला, "आता तो चौकोन बघा, कसा नजरेला थंड वाटतो." साहेबांनी साडूंच्या पाठीवर थाप मारली, पेढे मागवले.

मी घड्याळावर तीनदा टिचकी मारली. पेंग्विन आला, मान हलवली आणि गेला.

माझा विश्वास बसेना. पाणी प्यायच्या निमित्ताने फोरमनच्या खोलीत गेले, तो नव्हता, तिथे मारली. पेंग्विन. जेवणाच्या सुट्टीत अकाउंटंटच्या, खरेदीवाल्या बाईच्या. सगळीकडे पेंग्विन. साडूंना जुनं बसवता आलंच नव्हतं, की त्यांनी प्रयत्नच केला नव्हता, देव जाणे. त्यांनी चित्र बदललं होतं आणि साळसूदपणे पेढा खात होते. माझ्या हातातही एक पेढा होता. तो मी कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नळाखाली हात धुतले, तरी बोटांचा तुपकटपणा जाईना.

संध्याकाळी मी घरी गेलेच नाही, थेट मुक्तारामकडे गेले. एवढी भरले होते की कुणालातरी सांगितल्याशिवाय फुटले असते. तो एकटाच खोलीत होता, दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडून बसलेला. बायको चहा टाकायला आत गेली होती. मी सांगितलं. कुरण, मान, फोरमन, पेंग्विन, पेढे.

तो चिडेल असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे अजून चालतंय? अडकत नाही ना कुठे? फोरमनकडेही पेंग्विन आला? हललाय ना नीट?"

आणि तो हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने त्याच स्वेटरच्या बाहीने पुसलं. मलाही हसू आलं. "मी तुला जिन्यात सांगितलं होतं, चित्र बदल म्हणून! तेव्हा ऐकलं असतंस तर..."

दारात त्याची बायको उभी होती. हातात दोन कप. ती कधीपासून उभी होती, मला माहीत नाही. मी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग.

"नुसतं चित्र?" तिने विचारलं.

मुक्तारामचं हसू थांबलं.

"तुम्ही म्हणाला होतात, दुसरा मार्गच नव्हता. मी भावालाही तेच सांगितलं. वहिनींनाही तेच सांगितलं."

"अगं, प्रश्न चित्राचा नव्हता..."

"मग कशाचा होता?"

या प्रश्नावर तो जेवणाच्या सुट्टीत तास तास बोलायचा. घास थंड व्हायचे, माणसं उठून जायची, तरी याचं चालूच असायचं.  आता तो उघड्या कॉम्प्युटरमधला एक स्क्रू बोटांत फिरवत बसला. मी त्याच्या बाजूने काहीतरी बोलायला हवं होतं. तो खरा होता, हे मला माहीत होतं, आणि तिच्याकडे बघून ते मला म्हणता येईना.

तिने कप आमच्यासमोर ठेवले. एका थेंबाचाही डाग पाडला नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भावजयीचा आवाज आला, "चहाला माझं पातेलं घेतलंयस का गं? लगेच घासून ठेव हं, मला दूध तापवायचंय."

"हो वहिनी," ती म्हणाली, आणि पातेलं घासायला गेली.